निडीच्या गाईचा अर्ज

रकाना एक : मालकाचे नाव

"मालकाचं नाव सांगा."

"जगन घाला. गाय माजी, पन कागदावर जगन."

टेबलामागच्या कारकुनाने, दिनानाथने, तसं लिहिलं. गोदूबाई निडीहून गाय घेऊन सकाळीच चालत आली होती. रोह्याच्या मैदानावर १९९४ सालचं कृषी प्रदर्शन भरलं होतं. तिचा मुलगा जगन कंपनीतली शिफ्ट संपवून सायकलीने थेट इथे आला होता आणि मंडपाच्या खांबाला टेकून जांभया देत होता.

रकाना दोन : जात

"जर्सी, होल्स्टीन, गीर, संकरित. यातली कुठली?"

"गावठी."

"गावठी ही जात नाही, आजी."

"मग काय हाय?"

दिनानाथने रकान्यात आडवी रेघ मारली.

तिची गाय पवळी तांबडी, बुटकी, बारीक खुरांची. बांधाबांधाने चरत डोंगरापर्यंत जायची, दिवेलागणीला आपली आपण परत यायची. तीन पावसाळे तिला डॉक्टर लागला नव्हता. हे लिहायला जागा नव्हती.

रकाना तीन : एका वेळचे दूध

"दोन लिटर," गोदूबाई म्हणाली.

शेजारच्या जर्सीचा मालक कान्हू हसला. "गोदूमावशे, माजी तेवढं तर सांडते."

"आजारी पन तेवढीच पडते."

अर्जात हाच रकाना महत्त्वाचा होता. घरच्या गोठ्यात जागा एकाच गाईची, आणि जगनला तिथे जर्सी हवी होती. पवळीला विकायला न्यायला उद्या सकाळचा टेम्पोही त्याने सांगून ठेवला होता. आठ दिवस धुसफुस झाली. शेवटी तो म्हणाला होता, "परदर्शनात दोन लिटर भरून दाखव. मग टेम्पो माघारी लावतो. जर्सीचं नाव काढनार नाय."

रकाना चार : मोजणी

गोदूबाईने कास धुतली, बोटांना तेल लावलं आणि उकिडवी बसली. पवळीने पान्हा सोडला नाही. मान वळवून ती निडीच्या रस्त्याकडे हंबरली.

"वासरू कुठाय?" दिनानाथने विचारलं.

"घरी बांधलंय. तुमच्या कागदावर लिवलंय, एका अर्जावर एकच जनावर."

"अहो, दूधपितं वासरू त्यात कोणी धरत नाही. आणायचं होतं."

गोदूबाईचे हात कासेवर तसेच राहिले. वासराने ढुशी दिल्याशिवाय ही गाय दूध देत नाही, हे तिला माहीत होतं. पण कागद छापील होता. मोडायचा कसा? म्हणून तिने वासराच्या अंगावरून पुसलेलं फडकं आणलं होतं. तिने ते पवळीच्या नाकाशी धरलं. पवळीने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

कान्हू वाकून हळूच म्हणाला, "पान्ह्याची सुई हाय माज्याकडं. टोचली की दोन मिनटात सोडंल. कोन बघत नाय."

जगनने ऐकलं. खांबापासून तो पुढे आला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "टोच म्हन त्याला, आये. मी काय बोलनार नाय."

गोदूबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग गाईकडे.

"दुखंल का रं हिला?"

"मुंगी चावल्यागत," कान्हू म्हणाला.

मोजणीला दिलेल्या दहा मिनिटांतली सहा गेली होती. पवळी पुन्हा हंबरली.

"नको," गोदूबाई म्हणाली. "मनानं सोडलं तर सोडंल."

पाव लिटर. दिनानाथने दोनदा माप बघितलं आणि लिहिलं.

(यापुढे अर्ज नाही.)

ऊन कलल्यावर दोघं निघाली. पुढे गोदूबाई आणि गाय, मागे सायकल हातात धरून जगन. टेम्पो उद्या सकाळी यायचा होता.

निडी स्टेशन मागे पडलं आणि घराकडून वासराचा आवाज आला. पवळी थबकली. तिने कान पुढे केले, आणि कोणी हात न लावता चारही सडांतून दूध गळायला लागलं. आधी थेंब, मग बारीक धारा. लाल मातीत ते लगेच जिरत होतं.

"आये," जगन म्हणाला, "पळत जाऊन भांडं आनू?"

"ऱ्हाऊ दे."

तिने गाईच्या गळ्यातलं दावं सोडलं. पवळी धावत पुढे गेली. दोघं मागून चालत राहिली, जगनही आता सायकल कडेने घेऊन, मातीतल्या ओल्या मागावर पाय पडणार नाही असं.