चौथ्या ओळीतला ‘पण’

“अण्णा, तुझ्यामुळं कावेरीअक्कानं ऑपरेशन रद्द केलंय,” शेषगिरी दारातूनच म्हणाला. आत यायचं सोडून तो उंबऱ्याशीच थांबला. “गुरुवारचं. सुप्रीताचा फोन आला होता मला, व्हाइटफील्डहून. आईपुढं हात टेकले म्हणाली.”

पुरुषोत्तमांनी हातातलं पुस्तक मिटलं. खूण ठेवायची राहून गेली.

“माझ्यामुळं?”

“मग कुणामुळं? ती काचबिंदूच्या थेंबांची बातमी. तू खरी आहे म्हणालास.”

“अरे, मी पुढं लिहिलं होतं...”

“पुढचं कोण वाचतंय? तुझा ‘पण’ चौथ्या ओळीत येतो. तोवर लोक कॉफीला जातात.”

बेंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या मराठी घरांच्या ग्रुपवर रोज एखादी आनंदाची बातमी येई. मधुमेह मुळासकट बरा झाला, झिजलेला गुडघा पुन्हा भरून आला, म्हातारपण मागं फिरलं. बहुतेक वेळा ती शेषगिरीच पाठवी. पुरुषोत्तमांचा जन्म एका विज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेला होता. मूळ शोधनिबंध कुठं सापडतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यातलं सगळं कळतं, असं मात्र ते स्वतःशीसुद्धा म्हणत नसत. शब्दकोश शेजारी घेऊन ते निबंध वाचत, प्रयोग माणसांवर झालाय की उंदरांवर ते बघत, आणि आपलंच चुकलं असेल म्हणून पुन्हा वाचत. अण्णांनी तपासल्याशिवाय चांगली बातमी पुढं धाडायची नाही, अशी ग्रुपवर रीतच पडून गेली होती. तिचा त्यांना आनंद होई आणि धाकही वाटे.

त्यांचीही एक रीत होती. बातमी पाठवणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून त्यात जेवढं खरं असेल तेवढं आधी सांगायचं. या वेळी त्यांनी लिहिलं होतं : ‘संशोधन खरे आहे. विद्यापीठही नावाजलेले आहे. निकाल आशादायक वाटतात.’ आणि मग, ‘पण हे प्रयोग उंदरांवर झालेले असून माणसांपर्यंत यायला बहुधा बरीच वर्षे लागतील, माझी समजूत चुकीची नसेल तर.’

कावेरीअक्कांचा डावा डोळा काचबिंदूनं केव्हाच गेला होता. उजव्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसे. ग्रुपवरचं सगळं त्यांना फोनच वाचून दाखवी. पहिल्या तीन ओळी ऐकून त्यांनी आनंदानं फोन बंद केला होता.

“तूच जाऊन सांग ना,” पुरुषोत्तम म्हणाले. “तुला बोलायला जमतं.”

“माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? ती बातमी मीच पाठवलेली.”

शेषगिरी गेल्यावर त्यांनी तो निबंध पुन्हा उघडला. आपलंच काही चुकलेलं निघावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटत होतं. उंदीर मात्र उंदीरच राहिले. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक वाक्य होतं : दृष्टीची चाचणी झाल्यावर उंदरांना मारून त्यांच्या डोळ्यांच्या नसा तपासल्या. हे वाक्य त्यांनी आधीही वाचलं होतं. ग्रुपवर लिहावं असं त्यात काही नव्हतं.

अक्कांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. वाटेत ते मनातल्या मनात वाक्य जुळवत राहिले. प्रत्येक वाक्यात कुठून तरी ‘बहुधा’ शिरायचंच. “स्वल्प बाजूला, अज्जा,” असं रिक्षावाला ओरडला तेव्हा कुठं ते भर रस्त्यातून चालताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं.

“या अण्णा,” अक्का आतूनच म्हणाल्या. “तुमची पावलं ओळखते मी. दाराशी आलं की परत फिरावं का म्हणून घुटमळतात.”

त्या पाटावर परात घेऊन बसल्या होत्या. परातीत भिजवलेले अवरेचे, म्हणजे पावट्याचे, दाणे होते. थंडीत बनशंकरीतल्या प्रत्येक स्वयंपाकघराला या शेंगांचा वास असतो. दाणा चिमटीत दाबला की सालीतून टुणकन बाहेर उडी मारी. अक्कांची बोटं न बघता चालली होती.

“बसा. चार दाणे सोला. काल छान झोप लागली हो मला, किती दिवसांनी.”

पुरुषोत्तम खाली बसले. एक दाणा दाबला. तो परात ओलांडून कोपऱ्यात गेला.

“नाही,” ते म्हणाले.

“काय नाही?”

“थेंब. ते उंदरांसाठी आहेत, अक्का. गुरुवारपर्यंत येणार नाहीत, पुढच्या वर्षीही येणार नाहीत. थांबलात तर उजवा डोळाही जाईल.”

अक्कांची बोटं थांबली.

“हे पहिल्याच ओळीत लिहायला काय झालं होतं?”

“तुम्ही ऐकणार, हे मला माहीत होतं. म्हणून.”

“म्हणजे माझ्यासाठी साखर घातलीत.”

“हो.”

“मला डायबिटीस आहे, अण्णा.”

पुरुषोत्तमांनी मान खाली घातली. अक्कांनी पुन्हा एक दाणा उचलला, पण दाबला नाही.

“डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं राहील. तेवढ्यासाठी डोळ्याला सुरी लावून घ्यायची. थेंब म्हटल्यावर कसं सगळं सोपं झालं होतं. घालायचे आणि निजायचं.”

“मी येतो गुरुवारी,” पुरुषोत्तम म्हणाले. “बाहेर बाकावर बसेन.”

“तुमचा काय उपयोग तिथं?”

“काहीच नाही.”

इतकं ठाम वाक्य त्यांच्या तोंडून अक्कांनी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना हसू आलं. “सरी, ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “या. सुप्रीता एकटीच असते, बोलायला कुणीतरी हवंच तिला. म्हणजे, ती बोलेल, तुम्ही ऐका.”

त्यांनी पदराला हात पुसले आणि फोन लावला. “अगं, जाऊया गुरुवारी. नाही, रद्दबिद्द काही नाही. अण्णा आलेत. हो, तेच ते. नाही, आज सरळ बोलले.”

फोन ठेवून त्या परातीकडे वळल्या. सोललेल्या दाण्यांचा छोटा ढीग झाला होता. त्यात पुरुषोत्तमांचे दाणे अर्धवट सालीसकट पडले होते. अक्का ते बोटांनी चाचपून निमूट वेगळे काढत होत्या. ऊन परातीच्या कडेपर्यंत आलं होतं.

“अण्णा,” अक्का मधेच म्हणाल्या, “ते उंदीर तरी खरंच बरे झाले?”

“झाले. आधी आंधळे होते. थेंबांनंतर हलती सावली पाहून मान वळवायला लागले.”

“म्हणजे दिसलं त्यांना.”

पुरुषोत्तमांना शेवटच्या पानावरचं बारीक अक्षर आठवलं.

“दिसलं,” ते म्हणाले.

अक्का पुढचा ‘पण’ ऐकायला क्षणभर थांबल्या. पुरुषोत्तमांनी परातीतला एक दाणा घेतला आणि अगदी हलक्या हातानं दाबला. साल बोटांत राहिली. दाणा परातीतच पडला.