नॅनो चांदीचे थेंब

देवदत्तशास्त्री म्हणजे गंगाकाठच्या दूधविनायक मोहल्ल्यातला सोवळ्याचा डोंगर. नळाच्या पाण्याचा शिंतोडा उडाला तरी गंगेत अशी बुडी मारायचे की पार रामनगरला वर यायचे. पण दारोदार औषधं विकणाऱ्या कोटवाल्या सुशांतनं ‘नॅनो चांदी’ची शीशी पुढे केली, स्मरणशक्ती हत्तीची होईल म्हणाला, आणि या पंडितांनी ती थेट देवघरात ठेवली. का, तर चांदीला विटाळ नसतो. त्यांच्या बायकोनं, सीताकाकूंनी, कपाळाला हात लावला.

शास्त्र्यांची पुतणी मधुवंती विद्यापीठात उंदराच्या मेंदूच्या पेशींवर काम करते. तिनं परोपरीनं सांगितलं, की हे कण इतके बारीक, मेंदूच्या दारावरच्या पहाऱ्यातूनही निसटतात. बशीतल्या पेशींवर घातले की पेशी आखडून मरतात. माणसात काय होतं ते अजून नीट कळलेलं नाही, पण मुद्दाम पिऊन कशाला बघायचं?

“मी उंदीर नाही,” शास्त्री म्हणाले.

“नाहीच. उंदीर आधी हुंगून बघतो,” काकू म्हणाल्या.

बोलल्या खऱ्या, पण देवघरातल्या शीशीवरून नजर हटेना. या माणसाला ना भाजी लक्षात राहते, ना स्वतःच्या घराचा जिना. डोक्यात आहे तो नुसता वेद. तोही गेला तर उरणार काय, शेंडी? त्याच दुपारी त्यांनी शीशीतला ऐवज मधुवंतीच्या प्रयोगशाळेत धाडला आणि शीशीत नळाचं पाणी भरलं. शास्त्री रोज पळीनं थेंब घ्यायचे आणि म्हणायचे, डोक्यात कशी वीज खेळतेय.

चैत्रात वसंतपूजेच्या वेदपठणाला वैदिक समोरासमोर दोन रांगांत बसले. शास्त्र्यांनी आधी थेंबांचं गुणगान केलं, आणि सुशांतनं थैलीतून शीशा काढून दोन्ही रांगांत वाटल्या. काकू जन्मभर गप्प बसणार होत्या, पण एवढी डोकी एका पंगतीत नासायची? पन्ह्याचं पातेलं खाली ठेवून त्या पुढे आल्या.

“अहो, सगळा फाल्गुन तुम्ही नळाचं पाणी प्यालात. मीच भरत होते.”

शास्त्री पांढरेफटक पडले. प्रायश्चित्ताला उठावं तर सभा मोडते, बसावं तर सोवळं मोडलेलं. समोरच्या शिवराम घनपाठ्यांना तेवढा धीर नव्हता, त्यांनी घन, म्हणजे पदं पुढेमागे फिरवत म्हणायचा अवघड पाठ, सुरू केला. आणि शास्त्र्यांच्या तोंडून पुढचं पद आपसूक बाहेर पडलं, असं खणखणीत की भोसले घाटावरच्या नावा डुलल्या. एक स्वर ढळला नाही.

मंत्र म्हणता म्हणताच एकेका वैदिकानं आपली शीशी गुपचूप सुशांतच्या थैलीत परत सारली. काकूंनी पन्हं वाढायला घेतलं. सुशांतला विचारलंसुद्धा नाही.