एकोणिसावा शोधनिबंध

डॉ. भीमाशंकर हलकुडे यांच्या नावावर अठरा शोधनिबंध होते आणि त्यातले सतरा कुणी वाचले नव्हते. मेंदूतली रसायनं, उंदरांची झोप, पोरांची परीक्षेची धास्ती, हाताला लागेल त्यावर त्यांनी लिहून टाकलं होतं. उदगीर नवा जिल्हा होणार, तिथं मेडिकल कॉलेज निघणार आणि मनोविकार विभागाला प्रमुख लागणार, या पारावरच्या गप्पांवर डॉक्टरांचा गाढ विश्वास. त्यासाठी नाव होईल असा एक तरी निबंध हवा होता. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं आणि डॉक्टरांना विषय सापडला: दुष्काळ आणि बायकांचं मन.

गावोगाव फॉर्म भरायचं काम शिवकांताकडं होतं. ती डॉक्टरांच्याच लातूरच्या मेडिकल कॉलेजातली समाजसेविका, सहा वर्षं कंत्राटावर. अभ्यास नीट पार पडला तर कायम करतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

औशाजवळच्या एका खेड्यात तिला रत्नम्मा भेटली. नवरा आणि मुलगा पुण्याला कामाला गेलेले, ही टँकरच्या रांगेतला नंबर राखायला मागं राहिलेली. जगावंसं वाटतं का, या प्रश्नावर ती नुसती हसली. शिवकांताची नजर तिच्या गळ्याकडं गेली. मंगळसूत्र होतं, पण लिंगायतांच्या गळ्यात असतं ते इष्टलिंग नव्हतं.

“लिंग देव्हाऱ्यात ठिवलंय बाई,” रत्नम्मा म्हणाली. “आंघुळीला पाणी न्हाई, पूजा होत न्हाई. उगं अंगावर कशाला?”

दुसऱ्या कुणाला हे पटलं असतं. शिवकांता मात्र लिंगायताच्या घरातली. इष्टलिंग जिवंतपणी अंगावरून उतरवत नाहीत. माणूस गेलं तरी ते हातात देऊनच पुरतात. पाणी नसलं तर चिमूटभर भस्मावर पूजा भागते, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. ज्या बाईनं ते स्वतःच्या हातानं उतरवलं, तिचं मरायचं ठरलेलं होतं.

शिवकांतानं त्याच दुपारी लातूर गाठलं आणि हिला आजच दवाखान्यात आणू, असं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांचा हात शर्टाआड, स्वतःच्या गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

“आत्ता औषध दिलं तर आकडे बिघडतात,” ते म्हणाले. “तीन महिन्यांनी दुसरी मुलाखत आहे, तोवर थांब. तू दर आठवड्याला जा आणि लिंग कुठं आहे तेवढं लिहून आण.”

रत्नम्माच्या नवऱ्याचा फोन नंबर फॉर्मवर होता. शिवकांतानं तो लावला नाही. कायम होण्याच्या आशेनं माणूस किती हलकं होतं, ते तिच्याकडं बघून कळावं. दर आठवड्याला ती जायची, देव्हाऱ्यात डोकावायची आणि लिहायची. रत्नम्माला मात्र तिचा लळा लागला. आपल्या घागरीतलं अर्धा पेला पाणी ती तिच्यासाठी राखून ठेवायची.

दहाव्या आठवड्यात रत्नम्मानं जीव दिला. डॉक्टरांनी फोनवर एवढंच विचारलं, त्या दिवशीही लिंग देव्हाऱ्यातच होतं ना. होतं, असं शिवकांतानं सांगितलं.

एकोणिसावा निबंध दिल्लीच्या नियतकालिकात छापून आला. इष्टलिंग उतरवणं हे आत्महत्येच्या निश्चयाचं लक्षण, याआधी कुणीच न नोंदवलेलं. आत लिहिलं होतं, ‘रुग्णावर अखेरपर्यंत बारकाईने लक्ष ठेवण्यात आले होते.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता. नांदेडच्या परिषदेत डॉक्टरांनी तो वाचला तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. फक्त एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी शंका काढली की एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, निदान तीन तरी हव्यात.

“अजून दोन शोध,” परतीच्या गाडीत डॉक्टर शिवकांताला म्हणाले. “मग तुझी ऑर्डर काढूनच टाकतो.”

पुढच्याच आठवड्यात ती निलंग्याकडच्या एका गावात, पार्वतम्मा नावाच्या एकट्या म्हातारीसमोर फॉर्म घेऊन बसली. नाव-गाव विचारायच्या आधीच तिनं म्हातारीचा गळा पाहिला. लिंग जागच्या जागी होतं, आणि शिवकांताचा चेहरा पडला.