दारासमोरची हातभर जागा

मुअत्तरने ते घर घेतलं ते मुलासाठी. लोकांना मात्र तिने छताचं कारण सांगितलं. मुलाचं सांगितलं असतं तर लोक हसले असते.

बुखाऱ्यात यहुद्यांच्या मोहल्ल्यात तेव्हा अशी कितीतरी घरं कुलूप घालून पडली होती. माणसं एकेक करून इस्रायलला, अमेरिकेला निघून गेली. मागे भिंतींना मिठाचा लोणा चढत गेला, अंगणातल्या तुती फरशीवर गळून तिथेच काळ्या होत राहिल्या. निसोनचं घर त्यातलंच. मुअत्तरची आई या घरी लग्नकार्याच्या गाद्या-रजया शिवायला यायची. लहानगी मुअत्तर पाहुण्यांच्या खोलीत तिच्याशेजारी बसून सुया ओवून द्यायची. सुई ओवायची आणि छताकडे बघायचं. लाल, निळं, सोनेरी. डाळिंबं आणि वेली, आणि मधोमध एक फूल, कोणत्याच बागेत नसलेलं. घरी परतल्यावर तिची मान दुखायची.

एकदा तिची नजर खाली आली. दाराच्या बरोबर समोर, एवढ्या नक्षीदार पांढऱ्या भिंतीत, हातभर जागा नुसत्या मातीची होती. ना गिलावा, ना रंग.

"ओयी, हे असं का?" तिने विचारलं.

आईने तिच्या मांडीला चिमटा काढला. "लोकांच्या घरातलं फाटकं बघू नये."

तो चिमटा तिच्या लक्षात राहिला. पुढे जरदोजीच्या कारखान्यात ती कारागीर झाली, मग तपासनीस झाली, आणि इतरांचं फाटकं, सुटलेलं, अर्धं राहिलेलं शोधणं हाच तिचा आयुष्यभराचा धंदा झाला. एक टाका कमी असला तरी ती चोगा परत पाठवायची. बायका पाठीमागे तिला 'घार' म्हणायच्या, आणि तिला ते ठाऊक होतं.

नवरा गेला, कारखाना अर्धाअधिक बंद झाला, आणि मुलगा सुहरोब दर वसंतात विटा रचायला रशियाला जायला लागला. बर्फ पडायला लागलं की परत यायचा, हात फुटलेले, खोकला घेऊन. घरात बायको मावझुना, आणि तिसऱ्या मजल्यावरचं ते दोन खोल्यांचं घर. मुअत्तरने बघितलं होतं, जुनी घरं दुरुस्त करून लोक परदेशी पाहुणे ठेवतात, अंगणात पुलाव शिजवतात, आणि त्यांची मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर असतात. एवढंच तिला हवं होतं. तिने तिसऱ्या मजल्यावरचं घर विकलं, कानातलं विकलं, आणि अमेरिकेहून घर विकायला आलेल्या निसोनला निरोप धाडला.

व्यवहार अंगणात झाला, भाकरी मोडून, शेजाऱ्यांच्या साक्षीने. निसोन म्हातारा झाला होता. किल्ली देण्याआधी तो सगळ्या खोल्यांतून एकदा हिंडून आला, आणि पाहुण्यांच्या खोलीच्या दारात थबकला.

"मुअत्तर-ओपा, ती समोरची जागा... ती तशीच राहू द्या."

मुअत्तरला वाटलं, विकणाऱ्याची भाषा आहे ही. जसं आहे तसं घ्या, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका. तिला त्याची कीवच आली.

"निश्चिंत जा हो, निसोन-आका. मी काही मागाहून भरपाई मागायला अमेरिकेला येत नाही."

माणसं हसली. निसोन काहीतरी बोलायला गेला, पण बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता, आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. त्याने किल्ली तिच्या मुठीत दाबली आणि वळून न बघता निघून गेला.

सुहरोबने घर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"ओयी, हे घर नाही, हा आजारी म्हातारा आहे. याला औषधपाणी करता करता आपण संपू."

"तू हात लाव, बरा होईल."

"हात लावीन. पण तुळया कशाच्या घालायच्या? माझ्या हाडांच्या? पैसा रशियात आहे." मग त्याने तिच्या खांद्याभोवती हात टाकला. "असं करू. मी तिकडून पाठवतो, तुम्ही इकडे बांधा. ज्या दिवशी तुम्ही सांगाल 'घर पुरं झालं', त्या दिवशी मी तिकीट काढतो. मग मला दोरीने बांधलंत तरी जाणार नाही."

"बोललास हं."

"मावझुना साक्षीला आहे."

"मी कशाला साक्षीला?" मावझुना चहा ओतता ओतता म्हणाली. "मी तर दोरी शोधून ठेवते."

अशी सुरुवात झाली. उस्तो हमरो नावाचा गवंडी लागला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या थापीपेक्षा जीभ जास्त चालायची. आधी छपराची माती उतरवली, तुळया बदलल्या. ओसरीचे कोरीव खांब खालून कुजले होते, त्यांना नवे पाय बसवले. भिंतींच्या तळाशी लोणा लागून विटा हाताने चुरगळाव्यात इतक्या मऊ झाल्या होत्या. त्या काढून, खाली वेताचे थर घालून, नव्या घातल्या. एक दुखणं बरं केलं की दुसरं बाहेर यायचं. सुहरोब एकदा हिवाळ्यात येऊन गेला, पुढच्या हिवाळ्यात आलाच नाही. तिकडे बंद इमारतीत आतलं काम मिळालं होतं, आणि इकडे खिडक्या व्हायच्या होत्या. फोनवर तो नेहमी तेच विचारायचा.

"झालं का, ओयी?"

"थोडंच राहिलंय."

आणि ते खरंच असायचं. मुअत्तर खोटं बोलणारी बाई नव्हती.

एका वसंतात सगळं उरकलं. छताचे रंग धुऊन वर आले. कोनाड्यांना नवा गिलावा झाला, त्यात चिनी मातीची भांडी मांडली. अंगणात तुतीच्या झाडाला पालवी आली होती. उस्तो हमरो हात धुऊन चहा पीत बसला होता, आणि तेवढ्यात सुहरोबचा फोन आला. आवाज उत्साहाने फुटत होता.

"ओयी, इथलं काम संपलं. सगळे निघालेत. तिकीट काढू ना?"

मुअत्तर पाहुण्यांच्या खोलीच्या दारात उभी होती. समोर ती हातभर जागा. उस्तोने तिच्यावर दोनदा गिलावा चढवला होता, दोन्ही वेळा तो पापुद्र्यांसारखा सुटून पडला होता. तिथे खाली पहिल्यापासून नुसती कच्ची माती, लोणा धरून बसलेली.

"थांब जरा," ती म्हणाली. "एक हातभर जागा राहिलीय."

"हातभर?"

"दाराच्या समोरच आहे रे. माणूस आत आला की पहिली नजर तिथे. पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुणे छत बघतील, ओयी! तुम्ही आता कारखान्यात नाही."

"अर्धं काम मी चौकटीवरून कधी उतरवलेलं नाही. तू येशील तेव्हा घर पुरं असलं पाहिजे."

पलीकडे तो हसला. "बरं. मुकादम म्हणतोय, आणखी एक इमारत आहे, पानगळीपर्यंत. मग तोवर थांबतो. तेवढेच चार पैसे. तुम्ही तुमची हातभर जागा उरका."

फोन ठेवल्यावर मावझुना झाडू हातात धरून तिच्यासमोर आली.

"ओयी, तुम्ही 'झालं' म्हणाला असतात तर? ते आल्यावर काय भिंतीचं माप घेणार होते?"

"तुला नाही कळायचं."

"मला एवढंच कळतं की भिंतीला वर्षानुवर्षं घाई नव्हती. मला आहे."

उस्तो हमरो मिशीत हसला. "केलिनचं, तुमच्या सुनेचं, बरोबर आहे, ओपा. नवरा पोस्टाने येतोय आणि तुम्ही तिकीट चिकटवायला डिंक शोधताय."

"तुम्ही बोलू नका, उस्तो. तुमच्या हातचा गिलावा टिकत नाही म्हणून हे सगळं."

ते त्याला लागलं. त्या उन्हाळ्यात त्याने तिसऱ्यांदा गिलावा केला. तोही पडला. शेवटी त्याने सिमेंट आणलं. जुन्या मातीवर सिमेंट घालायचं नसतं हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. पण या वेळी ते बसलं, दगडासारखं. वर पांढरा हात दिला, कडेने वेल काढली, आणि कुठून जोडलंय ते खुद्द मुअत्तरलाही दिसेना. तिने बोटाने टकटक करून बघितलं. मग दारात जाऊन बाहेरच्या माणसासारखी आत आली आणि पहिली नजर कुठे जाते ते बघितलं. कुठेच अडकली नाही. सरळ छताकडे गेली.

रविवारी सुहरोबला सुट्टी असते, तेव्हा फोन करून सांगू, असं तिने ठरवलं. शनिवारी सकाळी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाचा फोन आला. थंडी लवकर पडली होती. मजुरांच्या पत्र्याच्या खोलीत शेगडी पेटवून, खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवून ते झोपले होते. सकाळी त्या खोलीतलं कोणी उठलंच नाही.

पेटी विमानाने आली. पुरुषांनी ती नव्या कोरीव खांबांमधून आत आणली आणि पाहुण्यांच्या खोलीत, त्या छताखाली ठेवली. त्या खोलीत आलेला पहिला पाहुणा तोच. मुअत्तरला वाटत राहिलं की आता तो वर बघेल आणि काहीतरी थट्टा करेल.

तीन दिवस घरात चूल पेटली नाही. शेजारणी अन्न आणत होत्या, दुखवट्याचे निळे रुमाल बांधून भिंतीकडेने बसत होत्या. मावझुना सासूशी एक शब्द बोलत नव्हती. तिच्या पुढ्यात चहा ठेवायची, रजई नीट करायची, सगळं करायची. पण डोळे उचलत नव्हती. 'झालं' म्हणाला असतात तर, हे वाक्य दोघींच्या मध्ये बसलेलं होतं. ते पुन्हा बोलायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी तोवो-खोला आली. मोहल्ल्यात मागे राहिलेल्या शेवटच्या यहुदी बायकांपैकी ती एक. निसोनची चुलत बहीण. घर विकल्यापासून तिने या उंबऱ्यात पाय ठेवला नव्हता. "माझ्याने बघवणार नाही," म्हणायची. आज काठी टेकत आली, मुअत्तरचं डोकं छातीशी धरून रडली, मावझुनाच्या पाठीवरून हात फिरवला. मग बसायला वळली आणि तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. ती तशीच उभी राहिली.

"काय झालं, खोला?" मुअत्तरने विचारलं.

"काही नाही गं. बसते."

"भिंतीकडे काय बघताय?"

"आज नको, मुअत्तर. आज काही बोलायचा दिवस आहे का?"

"सांगा."

तोवो-खोलाने काठी दोन्ही हातांनी धरली. "इथे एक जागा होती. मोकळी."

"हातभर. मातीची. मी बुजवली ती."

"आमच्याकडे ती मुद्दाम ठेवतात," म्हातारी हळू म्हणाली. "दाराच्या समोर, आत येणाऱ्याला दिसेल अशी. फार जुनी गोष्ट आहे, आमचं मोठं देवालय पाडलं होतं त्याची. घर कितीही सुंदर बांध, एवढी जागा दुःखाला ठेवायची. निसोनच्या आजोबांनी स्वतः आखली होती. ती सोडली की मग म्हणायचं, घर पुरं झालं. मग राहायला जायचं."

कोणाची तरी जपमाळ थांबली.

"म्हणजे हे घर पुरं होतं," मुअत्तर म्हणाली.

"तुझ्या जन्माआधीपासून, पोरी."

"वसंतातही पुरं होतं."

तोवो-खोलाला वसंताचं काही माहीत नव्हतं. मावझुनाला होतं. तिने पहिल्यांदा मान वर करून सासूकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मुअत्तरला सोसला असता. राग नव्हता. ज्या घरात परत जायचं नाही त्याच्याकडे माणूस निघताना बघतो, तसं ती बघत होती.

आठवडाभराने उस्तो हमरो फातिहा वाचायला आला. वाचून झाल्यावर मुअत्तर म्हणाली, "उस्तो, तेवढं सिमेंट काढा."

"ओपा! अहो, इतकं घट्ट बसलंय. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते."

"काढा."

"काढायला गेलो तर मागची माती घेऊन येईल. सिमेंट एकटं येत नाही. होती तशी जागा परत मिळायची नाही."

"मला ठाऊक आहे."

तो काढेना. म्हणाला, दुखवट्याच्या घरात मी छिन्नी चालवणार नाही. तेव्हा तिने त्याच्या पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढून घेतली. बाईमाणूस भिंत फोडतंय आणि आपण बसलोय, हे उस्तोला बघवेना. शेवटी त्यानेच तिच्या हातून हत्यारं घेतली आणि खाली मान घालून घाव घालायला लागला. सिमेंट मोठाल्या तुकड्यांनी निघालं, आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीला जुन्या विटेचा लचका चिकटून आला. कडेची वेल फुटली, शेजारच्या कोनाड्याला तडा गेला. आखीव चौकोन होता तिथे आता वेडंवाकडं भोक राहिलं, आणि त्यातून माती झरत राहिली. मुअत्तरने ती रोज झाडली. रोज थोडी पडायचीच.

चाळिसाव्या दिवशी अंगणात पुलावाची कढई चढली. पुरुष अंगणात बसले, बायका पाहुण्यांच्या खोलीत. बायका छताकडे बघून हळहळल्या, एवढं सुंदर घर आणि भोगायला माणूस नाही. कारखान्यातली एक जुनी बाई, जिचं काम मुअत्तरने कितीदा परत पाठवलं होतं, समोर बघून हळूच म्हणाली, "अगंबाई, तेवढं काम राहूनच गेलं वाटतं बिचारीचं."

मुअत्तरने ते ऐकलं.

"राहिलं नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण कारखान्यात सवय झालेला होता, खोलीच्या टोकापर्यंत पोचला. "घर पुरं झालंय."

मावझुना पेल्यात चहा ओतत होती. तिने चहाची किटली खाली ठेवली, अगदी सावकाश, आवाज न करता. रुमाल तोंडावर ओढला आणि उठून अंगणात निघून गेली. बाहेर नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ सुरूच राहिला, आणि तो बंद करायला कोणीच उठलं नाही.