थांब देवा, येतोय तो

“थोरला? थोरला बोटीवर आहे, देवा. तिकडच्या लाटांकडे जरा बघ. मधली?”

“आहे.”

“धाकटी?”

“अगं आई, समोर तर बसलेय!”

“मला दिसतंय. त्याला सांग. आणि माझा सुतार कुठाय?”

टेबलाखालून, हातातली हातोडी न सोडता, एक पोर सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचं, “आहे!”

आजीचा तो आवाज अजून सुताराच्या कानात होता. इस्तरीखालून नुकत्याच निघालेल्या कापडासारखा आवाज, ताठ आणि ऊबदार. रोज संध्याकाळी इस्तरीच्या टेबलावर हात ठेवून ती प्रार्थनेला उभी राहायची आणि प्रार्थनेआधी घरच्या माणसांची हजेरी घ्यायची. नावं घ्यायची ती टोपणच. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, बाप्तिस्म्याची नावं का घेत नाही? तर म्हणाली, “ती देवळात घेतो की आपण. घरी आल्यावर देवानं घरचीच नावं ऐकावीत.”

दूर असलेल्या माणसाच्या वतीनं ती स्वतः उत्तर द्यायची. देवाघरी गेलेल्यांसाठी तिचं एकच उत्तर ठरलेलं होतं, “तुझ्याकडे आहे.” पण जो घरात आहे त्यानं आपल्या तोंडानं बोलायचं. तिथं कुणाची वकिली चालत नसे.

ती आजी काल पहाटे गेली. नव्वदी कधीच ओलांडली होती, झोपेतच गेली, चेहऱ्यावर एक आठी नाही. लोक म्हणाले, सोनं झालं. सुतार मात्र “शवपेटी मी करणार,” एवढंच धाकट्या मावशीला म्हणाला आणि घरामागच्या कारखान्यात जाऊन त्यानं फळ्या निवडायला घेतल्या.

“माप?” त्याच्या भागीदारानं विचारलं. त्याला सगळे जाड्या म्हणत, आणि तो रागवत नसे.

“ठाऊक आहे.”

“अरे, दाराच्या कडीसाठी तू चारदा टेप लावतोस.”

“ठाऊक आहे म्हटलं ना.”

जाड्यानं फळी धरली. रंधा चालू लागला आणि लाकडाच्या कुरळ्या सालींबरोबर आजीचं आयुष्य उलगडत गेलं.

ती लग्न होऊन या गावात आली तेव्हा नवरा दवाखान्याच्या बॉयलरवर होता. तीन पोरं पदरात टाकून तो गेला, आणि चौथ्या दिवशी आजी त्याच दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला उभी राहिली. कोळशाची इस्तरी गेली, विजेची आली, मोठे डॉक्टर आले, निवृत्त झाले. आजी चादरींच्या ढिगापुढं उभीच. उंच तर इतकी की बायका तिला शिडी म्हणायच्या. “वर देवाजवळ काही ठेवायचं असेल तर शिडीला सांगा,” असं हसायच्या. आजीही हसायची आणि स्वतः जुळवलेल्या ओळी गुणगुणायची:

फिरते इस्तरी गं, सुरकुती पळे दूर
देवा, तुझ्या हाताखाली, असाच निवो माझा ऊर

तिच्या हातून कधी कापड जळलं नाही. उभ्या जन्मात नाही, असं धुलाईघर सांगायचं.

सुताराची आई म्हणजे मधली. ती त्याच दवाखान्यात, आजीनं इस्तरी केलेल्या चादरीवर गेली. पोरगा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. त्या संध्याकाळीही आजी टेबलाशी उभी राहिली. थोरला बोटीवर. आणि मग, आवाजाला एक घडीही न पडता, “मधली? मधली तुझ्याकडे आहे.”

पोराच्या अंगाचा भडका झाला. इतक्या सहज? जणू शेजारणीला वाटीभर साखर दिली! “सुतार?” आजीनं विचारलं. तो तोंड मिटून भिंतीकडे वळून बसला. आजी एक श्वासभर थांबली. मग म्हणाली, “थांब देवा, येतोय तो.”

त्यानंतर त्यानं कधी उत्तर दिलं नाही. मिशा आल्या, कारखाना झाला, मिशा पिकायला लागल्या. संध्याकाळी तो कारखान्यातच रेंगाळायचा. मधल्या दाराला पडदा होता, आवाज पलीकडून यायचाच. “माझा सुतार?” एक श्वास. “थांब देवा, येतोय तो.” ती कधी रागावली नाही आणि कधी त्याचं नाव गाळलंही नाही. तो तिची औषधं आणायचा, पलंग दुरुस्त करायचा, खुर्चीला चाकं लावून द्यायचा. तेवढा एक शब्द मात्र आतच ठेवायचा. गेल्या आठवड्यात तो शब्द ओठांशी आला होता. पण पडद्यापलीकडे मावशी होती, जाड्या होता. इतक्या वर्षांनी एकदम बोलायचं तर लाज वाटली. उद्या बघू म्हणाला.

दुपारी पेटी घरात आली. नितळ, कोपरे लोण्यासारखे. शेजाऱ्यांनी, जाड्यानं, पाळकसाहेबांनी मिळून आजीला आत ठेवलं.

पायाशी हातभर जागा रिकामी होती.

“अरे, हे काय केलंस!” मावशीचा हुंदका फुटला. “एवढी मोठी? ती केव्हाच एवढीशी झाली होती रे. मी उचलून न्हाऊ घालत होते तिला. लेकरासारखी.”

सुतार बघत राहिला. त्यानं पेटी केली होती ती शिडीची. फडताळाच्या वरच्या फळीवरून डबा स्टूल न घेता काढणाऱ्या, त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभ्या राहणाऱ्या बाईची. खुर्चीत बसलेली, पांघरुणाखाली आटत गेलेली ही म्हातारी त्यानं रोज पाहिली होती. नजर भरून पाहिली नव्हती.

“कापून देऊ का?” जाड्या हळूच म्हणाला. “अर्ध्या तासाचं काम.”

“नको,” मावशीनं डोळे पुसले. “तिला पाय पसरून झोपायला आवडायचं. काहीतरी ठेवू तिथं.”

तिनं टेबलावरचं इस्तरीचं घोंगडं ओढलं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं पिवळं पडलेलं, आजीनं ज्यावर हात ठेवून प्रार्थना केली ते. घडी घालताना मधोमध काळा डाग दिसला. इस्तरीचा अख्खा ठसा, टोकासकट, आरपार जळलेला. सुतारानं तो लहानपणापासून पाहिला होता.

“हा कधीचा?” त्यानं आज पहिल्यांदा विचारलं.

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. “तुला माहीत नाही? तुझी आई गेली त्या दिवसाचा. तुझी आजी दवाखान्यातून आली आणि काही न बोलता तुझा शाळेचा सदरा इस्तरीला घेतला. दुसऱ्या दिवशी घालायला काहीतरी नीट हवं म्हणून. मी धुरानं धावत आले, तर इस्तरी टेकवून ही नुसती उभी. सदरा गेला, खालचं घोंगडं गेलं. मला म्हणाली, पोराला सांगू नकोस, तो घाबरेल. एकीनं तरी उभं राहायला हवं. आणि मग संध्याकाळी हजेरीला उभी राहिली.”

सुतारानं घोंगड्याची घडी घातली. त्यानं ते आजीच्या पायाशी ठेवलं, तिचे पाय नीट टेकतील असं, आणि झाकण हातात घेतलं.

“जरा थांब,” मावशी म्हणाली. “हजेरी राहिली. कालची राहिली, आज तरी घेऊ दे.”

टेबलावर आता नुसतं लाकूड होतं. त्यावर तिनं हात ठेवला. “थोरला? थोरला वाटेत आहे, देवा, बंदरावर उतरलाय, आजच्याला नाही पोचत. मधली? तुझ्याकडे आहे. धाकटी? ती मीच. आहे. आणि आई...”

तिला पुढं बोलता येईना. तिनं पदर तोंडात कोंबला. पाळकसाहेब एक पाऊल पुढं झाले, मग थांबले. आजीच्या वतीनं सांगणं हे काही त्यांचं काम नव्हतं.

दोन शब्द. तेच जे आजीनं आपल्या लेकीसाठी, जळक्या घोंगड्यावर तळहात दाबून, एका दमात म्हटले होते. सुताराला ते केवढे जड होते हे आता कळलं. त्यानं झाकण भिंतीला टेकवलं आणि मावशीच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

“तुझ्याकडे आहे,” तो म्हणाला.

मावशीनं पदर तोंडातून काढला. सवयीनं, अगदी आईच्याच सुरात, तिनं विचारलं, “सुतार?” आणि सवयीनंच, एक श्वास थांबून, पुढचं सुरू केलं, “थांब देवा, ये—”

“आहे,” तो म्हणाला. मग पेटीवर वाकून, त्या लहानशा कपाळाजवळ, टेबलाखालच्या पोरासारखा मोठ्यानं, “आहे गं आजी. आहे. इथंच आहे मी.”