जांभळ्या काठाचा टोगा

मी टोगा. जुन्या रोममधला नव्हे, अमेरिकेच्या वाळवंटी भागातल्या चँडलरच्या एका गॅरेजमध्ये शिवलेला. सहा वार पांढरं कापड, अर्धगोल कापलेलं, आणि कडेला चार बोटं रुंद जांभळा काठ.

मला सुचित्राने शिवलं. नागपूरची ती, गॅरेजमध्ये मशीन मांडून इथल्या मराठी बायकांचे ब्लाउज शिवते. हात हलका, टाके बारीक. माझ्या जन्मातलं चांगलं म्हणावं असं तेवढंच.

ऑर्डर डॉक्टर देवदत्तकाकांची. निवृत्त हृदयतज्ज्ञ, इथे आलेल्या पहिल्या मराठी माणसांपैकी एक. रोम पाहून आल्यापासून त्यांना सत्तरीची पार्टी रोमन हवी होती.

"अगदी खऱ्यासारखी हं," ते सुचित्राला म्हणाले. "टोगा फक्त नागरिकांचा. जांभळा काठ बड्या अधिकाऱ्याचा, म्हणजे माझा! बाकी गुलाम, कामकरी, त्यांना जाडाभरडा तपकिरी अंगरखा."

तपकिरी अंगरखे सहाच होते. सुचित्राला वाटलं, केटरिंगवाल्यांचे असणार. ते कापड टोचतं, म्हणून न सांगता तिने आतून मऊ अस्तर लावलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मला काकांच्या अंगावर चढवलं. श्शी! मानेवरचा घाम, त्यावर भडक सेंट, आणि मटणाच्या रश्श्याची बोटं सरळ मलाच पुसायची. घास घोळवत ते पाहुण्यांना सांगत होते, "हा जांभळा रंग समुद्री गोगलगायींपासून काढत. इतका वास मारायचा की कारखाने गावाबाहेर. आणि मिरवायचा मात्र बड्यांनी!" सगळे खिदळले. माझा रंग साधा पाकिटातला, तरी मलाच माझी दुर्गंधी येऊ लागली.

कपडे वाटायला काका स्वतः दारात उभे होते. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना टोगा. व्हिसावर असलेल्यांना तपकिरी. सुचित्राचा नवरा परीक्षित व्हिसावरचा, कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या हातात काकांनी अंगरखा कोंबला.

"सिटिझन झालास की टोगा, यार! गंमत आहे."

काकांचा मुलगा त्याच कंपनीत परीक्षितचा वरिष्ठ होता. परीक्षित हसला, शर्ट काढला आणि अंगरखा डोक्यातून घातला. सुचित्रा कुणाच्या तरी टोग्याच्या निऱ्या पिनअप करत होती. तिचा हात थांबला.

मग फोटो. त्यावरून भिंतीएवढं चित्र काढून घ्यायचं होतं. "रोमन शिल्पांत मालक मोठा, नोकर छोटे," काका म्हणाले. "परीक्षित, तू कडेला. गुडघे वाकव. हां, अजून. आणि हा ट्रे धर."

बाकीचे पाच तपकिरी अंगरखे मागच्या रांगेत झाकले गेले. परीक्षितने गुडघे वाकवले. फोटो निघाला आणि वीस पांढरे टोगे हसले. कुणीतरी ट्रेवरचा रिकामा ग्लास दाखवून "वाइन, प्लीज" म्हणालं. किळस यावी ती त्या हसण्याची. मी तर त्याच्या मधोमध, ढेरीवर ताणलेला.

सुचित्रा पुढे आली. "काका, एक फोटो उलटा काढू. टोगा परीक्षितला द्या, अंगरखा तुम्ही घाला. गंमतच आहे ना?"

काकांनी माझा काठ मुठीत धरला. "अगं, बर्थडे माझा आहे!"

"म्हणजे गंमत नाहीये," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. परीक्षित सरळ उभा राहिला, ट्रे गवतावर ठेवला, अंगरखा काढला. काढताना त्याच्या हाताला अस्तर लागलं.

"हे तू लावलंस?"

"केटरर्सना टोचेल म्हणून," सुचित्रा म्हणाली आणि रडू आवरत गाडीकडे चालू लागली. तो बनियनवरच तिच्यामागे गेला. त्यांना थांबवायला एकही टोगा उठला नाही. मीही नाही.

पुढे त्याच्या नोकरीचं काय झालं, मला माहीत नाही. या घरात त्यांचं नाव निघत नाही. पण चित्र आलं. हॉलमध्ये टांगलंय. मध्ये काका, माझा काठ खराखुरा असता तरी चमकला नसता इतका चमकतोय. कडेला वाकलेला, ट्रे धरलेला, गुडघ्याएवढा परीक्षित.

परवा एका पाहुणीने विचारलं, "हा कोण?"

"कोणी नाही," काका म्हणाले. "कोपरा रिकामा दिसत होता."

मी हॉलमधल्याच काचेच्या कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. रश्श्याचे डाग गेले, बाकीचं गेलं नाही. उद्या माझी अडचण होऊन कुणी मला बाहेर काढलं, तर एक विनंती. फाडा मला. ओटा पुसा, मोरी पुसा, गाडीचं ऑइल पुसा. एवढी घाण मी आनंदाने उचलीन. फक्त पुन्हा कुणाच्या खांद्यावर टाकू नका.