बाबा अजून पहिल्याच पानावर

लोक मला तापट म्हणतात. बाबांनी तर माझं नावच ठिणगी ठेवलंय. पण मला सांगा, स्वतःच्या वडिलांना कॉम्प्युटर शिकवताना कोणाचं डोकं थंड राहिलंय?

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. घड्याळाची टिकटिक तपासायचं त्यांचं यंत्र फक्त दुकानातल्या कॉम्प्युटरच्या जुन्या सिस्टिमचंच ऐकतं, म्हणून ती काढायला सक्त मनाई. त्यात त्यांना घड्याळदुरुस्तीवर पुस्तक लिहायचं होतं, आणि लिहिण्याचा प्रोग्रॅम नेमका नव्या सिस्टिमवरच चालणारा. शेवटी मी मेमरी वाढवली आणि जुन्याच्या पोटातच नवी सिस्टिम बसवली. म्हणजे पडद्यावर एक खिडकी उघडायची, की तिच्यात अख्खा दुसरा कॉम्प्युटर.

"भाडेकरू ठेवलास म्हण की," बाबा म्हणाले.

"तसंच समजा. आणि त्याने काही गोंधळ घातला तर हे बटण दाबा. आज मी बसवून दिलाय, अगदी तसाच होईल."

मी माझ्या घरी परतले. आठवड्याने फोन केला, पुस्तक कुठवर आलं? पहिल्या पानावर. पंधरा दिवसांनी विचारलं, पहिलंच पान. महिन्याने, तेच.

"बाबा, आळसाला काही सीमा?" मी ओरडले.

एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस, पण त्या दिवशी जपून बोलला. म्हणाले, "अगं, काल बरंच लिहिलं होतं बहुतेक. आता नक्की आठवत नाही."

आजोबांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ते बाबांनाच विचारायचे, तुम्ही कोण? मी रजा टाकली, डॉक्टरांची वेळ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी दुकानात जाऊन थडकले.

बाबा टाइप करत होते. दोनच बोटांनी, पण काय सपाटा! सगळं तोंडपाठ असल्यासारखं. संध्याकाळपर्यंत तीन पानं झाली. मला काही कळेना. मग दुकान बंद करायची वेळ झाली. त्यांनी चिमटे ओळीने लावले, भिंग पुसलं, टेबलावर फडकं मारलं आणि शांतपणे माझं ते बटण दाबलं.

"अहो बाबा! हे काय केलंत?"

"काय म्हणजे? काम संपलं की टेबल सकाळी होतं तसं करून ठेवायचं. पन्नास वर्षांची सवय आहे."

"रोज दाबता?"

"रोज. तूच म्हणालीस ना, होता तसा होतो."

मी कपाळावर हात मारला. "अहो, त्याने तुमचं लिहिलेलंही जातं! दिवसभर लिहिता आणि संध्याकाळी स्वतःच पुसून टाकता!" मी मनसोक्त ओरडले, आणि ओरडता ओरडता हसूच आलं. कालच्या फोनपासून पहिल्यांदाच मला हलकं वाटलं.

बाबा मात्र हसले नाहीत. ते हळूच स्टुलावर बसले आणि खणातून एक चिठ्ठी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. डॉक्टरांची वेळ त्यांनीही घेतली होती, परवाची, मला न सांगता.

"म्हणजे मी लिहिलं होतं," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"रोज?"

"रोज."